गाव हागणदारीमुक्त झालं, आमची सरकी काही होईना

सांदवाडी (ता. दर्यापूर)

नमस्कार. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. गाडगेबाबांचं शेंडगाव शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, म्हणजे खराटा हा आमच्याकडे भक्तीचा विषय. वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी लागली त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या घरात मात्र रोज पहाटे पाचला टॉर्च घेऊन शोध चालतो, आज कुठं करून ठेवलं असेल.

सरकी म्हणजे आमची मांजर. सव्वा वर्षाची. ढोरांच्या सरकीच्या पोत्यामागं एवढीशी सापडली, तेच नाव पडलं.

दसऱ्यानंतर कापूस घरात आला. दोन वेचे मिळून मधल्या घरात अठरा-एक क्विंटलची गंजी आहे. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११०, दारावर येणारा व्यापारी पुष्कळ खाली मागतो, म्हणून थांबलोय. कापूस ठेवला की उंदीर आलेच. त्यासाठी रात्री सरकीला त्याच खोलीत कोंडते. उंदीर धरते, त्यात वाद नाही. एका आठवड्यात सात शेपट्या मी मोजल्या. पण बाईनं गंजीचाच संडास केला.

पहिल्यांदा कळलं ते हातालाच. कोपऱ्यातला कापूस घसरला होता, वर लोटायला हात घातला तर आत ओलं. वरून कापूस असा अलगद ओढून ठेवलेला, जसं लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं. खाली पिवळा पडलेला चिकट गोळा, आणि वास असा की कांदा कापल्यासारखं डोळ्यांत पाणी. दोन टोपली कापूस फेकला. ज्या कापसासाठी बायकांना किलोमागे वेचाई मोजली, तो उकिरड्यावर टाकताना कसं वाटतं ते ज्याच्या घरी कापूस आहे त्यालाच कळेल.

करून पाहिलं ते सांगते. गंजीभोवती डांबर गोळ्या टाकल्या. जागा फिनाईलनं पुसली, तर दुसऱ्या रात्री दुसऱ्या बाजूला. सासूबाईंच्या सांगण्यावरून तिचं नाक त्यात घासलं, तर आता मी दिसले की कणगीखाली जाऊन बसते. रात्री बाहेर ठेवली तर कुत्र्यांनी आंब्यावर चढवली, पहाटेपर्यंत ओरडत होती, शेजारी झोपले नाहीत. दिवसा बाहेरच जाते, पण कुठं? सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, मेथी-सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात. काल सांभार उपटला तर त्याच्यासोबत जे आलं त्यानंतर भाजीत टाकायची इच्छा झाली नाही.

आता खरी अडचण. लेक सातव्या महिन्याची, पहिलटकरीण, ओटीभरण करून आणली आहे. दवाखान्यात ओळखीच्या एका बाईनं तिला सांगितलं की घरात मांजर असली की पोटातलं बाळ आंधळं निपजतं. तेव्हापासून लेक मांजर दिसली की पोटावर पदर ओढते. हे म्हणतात, सोमवारी चुंगडीत (पोत्यात) घालून मोटारसायकलनं पूर्णेपल्याड सोडून येतो. सासूबाई म्हणतात, "मांजर मेली तं काशीले सोन्याची मांजर वाहा लागते, तुह्या बापाच्यानं होईन काय?" मी दोघांच्या मधात.

मला एवढंच पाहिजे. रात्री घरात एका जागी करावं, दिवसा बाहेर एका जागी करावं. दुकानातली मांजराची रेती इकडे मिळत नाही, मागवायची म्हटलं तर गाईच्या ढेपेपेक्षा महाग. घरातल्या वस्तूत काय जमेल ते सांगा. सोमवारच्या आत.

पऱ्हाटी (देवळी)

ताई, जुने लोक सांगून गेले, मांजरीचा गू ना लिंपाले ना सारवाले. गाईचं असतं तर कामी तरी आलं असतं.

आमच्या घरी कोठ्यात (गोठ्यात) चुलीच्या राखेचं टोपलं ठेवलं होतं. मांजर तिथंच जाये. राख फुकट, वास मारते, झाकून जाते. लावून पाहा.

अन् दाजीले सांगा, चुंगडीत घालून सोडलेली मांजर आपल्या आधी घरी येते. आमच्या बाबानं वर्धा नदीपल्याड सोडली होती. चार दिवसानं पाह्यतो तं ओट्यावर बसून पाय चाटून राह्यली. बाबानं गुपचूप दूध ठेवलं तिच्यासमोर.

दवाखान्याची पेटी (कारंजा)

ताई, मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. नोकरीत गाई-म्हशी आणि बकऱ्या पाहिल्या, मांजरांनी मला घरी शिकवलं. आधी दोन गोष्टी आजच करा, बाकीचं मग बोलू.

डांबर गोळ्या वेचून फेका. मांजराला त्या विषच. फिनाईलही बंद. त्यातलं रसायन तिच्या पायाला लागतं, ती पाय चाटते आणि ते पोटात जातं. माणसाचं लिव्हर जे पचवतं ते सगळं मांजराचं पचवत नाही. आणि नाक घासणं सोडा. तिला त्यातून "इथं करू नको" असं कळत नाही, "ही बाई आली की पळ" एवढंच कळतं. ते ती शिकलीच आहे.

आता लेकीचं. त्या बाईंनी सांगितलं ते निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं जास्त घाबरवतं. रोगाचं नाव टोक्सोप्लाझ्मोसिस. उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन मांजरीला तो होतो आणि तिच्या विष्ठेतून जंतूंची अंडी बाहेर पडतात. पण ती पडतात साधारणपणे पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे, जन्मभर नाही. आणि ताजी विष्ठा लगेच लागण करत नाही, त्या अंड्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोजच्या रोज उचललं तर धोका फार कमी होतो. लेकीनं उचलायचं नाही, सांदवाडीतल्या मातीत उघड्या हातानं निंदायचं नाही, पालेभाजी तीन पाण्यांनी धुवायची, मटण कच्चट खायचं नाही. मांजरीच्या अंगाला हात लावला, ती जवळून गेली, तेवढ्यानं हा रोग होत नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर मात्र बाळाला त्रास होऊ शकतो, डोळ्यांनाही. म्हणून तिच्या डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, घरात मांजर आहे, उंदीर खाते. त्यांना वाटलं तर ते रक्त तपासतील. एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवा. त्या तपासणीत जुनी लागण होऊन गेल्याचं दिसलं तर बहुतेक करून चिंता नसते. रिपोर्ट कोरा आला तर उलट जास्त जपायचं, कारण शरीराला त्या रोगाची ओळखच नाही.

आता मला सांगा.
कापूस घरात यायच्या आधी ती कुठं जात होती?
लघवी बसून करते की उभ्यानं शेपटी थरथरवत भिंतीवर उडवते?
करताना कुंथते का, वारंवार जाऊन बसते आणि थेंबच पडतो असं होतं का?
गावातला बोका तुमच्याकडे फिरकतो का?

राखेबद्दल: पऱ्हाटी भाऊंची मांजर टिकली, चांगलंच झालं. पण लाकडाची राख ओली झाली की तिचा क्षार होतो, पंजाला झोंबतो, आणि ती पंजे चाटणारच. कोठ्यात एखाद्या वेळी चालून गेलं, घरात रोजसाठी नको.

तिवस्याचा अडत्या

८११० च्या नादात मांजरीचा संडास झाला. विका अन् मोकळे व्हा.

सांदवाडी (ता. दर्यापूर)

अडत्या भाऊ, तुमच्याकडे आणते, लावा ८११०. मग बोलू.

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नानं मी कपाळावर हात मारला. पावसाळ्यात ती कुठं जायची? आमच्या काळ्या मातीत तर शक्यच नाही. पावसात इकडची माती अशी धरते की चप्पल जमिनीत आणि पाय हवेत. मांजर उकरायला गेली तर पंजा चिखलाचा लाडू होऊन वर येतो. मग मला आठवलं. शेजारी घरकुल चाललं होतं. त्यांच्या रेतीचा ढीग आमच्या कुंपणाला लागून, टिनाच्या शेडखाली, कोरडा. सरकी सकाळ-संध्याकाळ तिथं. शेजारीण मला म्हणायचीसुद्धा, "तुमच्या मांजरीनं आमच्या स्लॅबमधी वाटा घातला." स्लॅब पडला, गिलावा झाला, कोजागिरीच्या सुमारास ढीग संपला. आणि नेमका त्याच हप्त्यात आमच्याकडे कापूस यायला लागला! मी आजवर कापसालाच दोष देत होते.

बाकी उत्तरं. बसूनच करते. कुंथत नाही, धार चांगली आहे (पहाटे टॉर्च लावून मांजरीची धार पाहणारी मी गावात एकटीच). बोका येतो, एका कानाचा, पिवळा. मागच्या दाराच्या चौकटीला कसलासा तेलकट वास येतो, तो त्याचाच असणार.

दवाखान्याची पेटी (कारंजा)

मग उत्तर तुम्हीच दिलंत. मांजराला सैल, कोरडं, उकरता येईल असं काहीतरी लागतं. तिची रेती गेली, त्याच वेळी खोलीभर मऊ कापूस आला. तुमच्यावर राग म्हणून तिनं काही केलं नाही, तिला जागा बदलून मिळाली असं वाटलं.

घमेलं घ्या, बांधकामाचं, नवीन नको, तळाला भोक नसलेलं. त्यात तीन-चार बोटं रेती. खूप भरू नका, ती बाहेर उडवते. घमेलं गंजीच्या त्याच कोपऱ्यात ठेवा जिथं ती जाते, आपल्याला सोयीच्या कोपऱ्यात नव्हे. तिच्या दुधाच्या वाटीपासून लांब. खोली मातीची असेल तर ओलं झालेलं जमिनीचं पापुद्रं दोन बोटं खरवडा आणि त्यातली मूठभर माती त्या रेतीत मिसळा. वासावरून तिला कळेल. मग खरवडलेल्या जागी नेहमीसारखं सारवून घ्या.

गंजी मात्र झाका. ताडपत्री नको, आत घाम धरतो, ओल वाढली की भावात कापतात. खताच्या रिकाम्या विणलेल्या चुंगड्या उसवून एकमेकींना शिवा, हवा जाते आणि मांजरीला तो खरखर आवाज आवडत नाही.

दुकानातली रेती म्हणजे बेंटोनाइट माती. तिच्यात जी चिकणमाती असते तीच जात आपल्या काळ्या मातीत आहे, पाणी लागलं की फुगते आणि गोळा होतो. म्हणून कोणी काळी मातीच वाळवून वापरा म्हणेल. करून पाहायला हरकत नाही, पण ओल्या पायानं ती घरभर फिरेल हे आधीच सांगतो.

धानवाली (साकोली)

ताई, आमच्याकडे रेती आणायची गरजच पडत नाही, राइस मिलमधून धानाचं तूस पोत्यानं मिळतं. माझ्या दोन मांजरी गेली चार वर्षं तुसावरच आहेत. हलकं असतं, ओलं झालं की खाली बसतं, टाकायला सोपं. तुमच्याकडे तुरीचं कुटार आहे, पण ते टोचतं, माझ्या बहिणीच्या मांजरीनं एकदा पाय ठेवला आणि परत पाहिलं नाही.

दोन गोष्टी मी चुकून शिकले, त्या सांगते. पहिली: घमेलं उचलून एकदम दारापाशी नेऊ नका. मी तसं केलं आणि मांजरीनं घमेल्याच्या जुन्या जागी, सारवलेल्या जमिनीवर केलं. रोज फक्त वीतभर सरकवा. मला खोलीच्या कोपऱ्यातून मागच्या दाराबाहेर न्यायला अडीच महिने लागले, पण एकदाही चूक झाली नाही. दुसरी: बुंदी पाडायचा जुना झारा वापरा. कोरडी रेती खाली गळते, नको ते वर राहतं. झारा वेगळ्या खिळ्याला टांगा. माझ्या नणंदेनं एकदा त्यावर पुऱ्या तळल्या. त्यानंतर मी झाऱ्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधली.

सांदवाडी (ता. दर्यापूर)

नऊ दिवसांनी लिहितेय.

हे सोमवारी गेले नाहीत. पाऊस आला म्हणाले. (डिसेंबरात पाऊस कुठला, शेजारच्या वावरात ओलित चालू होतं तेवढंच.)

सुरुवात मी राखेनं केली, कारण राख हाताशी होती. काका, तुमचं खरं निघालं. सकाळी सरकी राखाडी मोजे घातल्यासारखी आली आणि दिवाणावरच्या चादरीवर सहा पांढरी पावलं. चाटायला लागली तेव्हा मी धरून पाय धुतले, माझ्या मनगटावर अजून तीन ओरखडे आहेत. दुसऱ्या दिवशी काळी माती, ढेकळं फोडून, चाळणीनं चाळून. तिनं केलं त्यात! गोळाही झाला, दुकानातल्या मालासारखा. पण पायाला चिकटलेली माती फरशीवर, चुलीपर्यंत, देवघरापर्यंत. सासूबाईंनी रांगोळीच्या शेजारी ती नक्षी पाहिली आणि मला फक्त एवढं म्हणाल्या, "लक्ष्मीची पावलं होय काय वो हे?"

मग रेती. शेजारणीकडे एक घमेलं उरली होती, कोपऱ्यात. तिनं हसत दिली. ओल्या जागेची मूठभर माती मिसळली, घमेलं गंजीच्या कोपऱ्यात ठेवलं, गंजीवर शिवलेल्या चुंगड्या अंथरल्या. रात्री मी दाराच्या फटीतून बघत बसले. सरकी आली. आधी चुंगड्यांवर एक पाय ठेवला, खर्र आवाज झाला, पाय मागे. दुसऱ्या बाजूनं गेली, पुन्हा खर्र. मग घमेल्याच्या काठाला नाक लावून बराच वेळ थांबली. आत उतरली, गोल फिरली, उकरलं, बसली. डोळे अर्धे मिटलेले, कान मागे, अगदी सरपंचाच्या खुर्चीत बसल्यासारखी. झाल्यावर वळून वास घेतला, समाधान नाही, पुन्हा रेती ओढली, पुन्हा वास. तीनदा. मग घमेल्यातून उडी मारून खोलीभर वेड्यासारखी धावली. हे माझ्या मागे उभे राहून बघत होते ते मला नंतर कळलं. म्हणाले, "माणसापेक्षा नीट झाकते."

पाच दिवस गंजी कोरडी. सहाव्या दिवशी लेकीला अमरावतीला सोनोग्राफीला नेली, परत यायला रात्र झाली, घमेलं साफ करायचं राहिलं. सकाळी पाहते तर घमेल्याच्या बाहेर, काठाला लागून, जणू बोट दाखवून. घमेल्यात दोन ओले गोळे आणि एक वाळलेलं होतं. म्हणजे भरलेल्या संडासात तीही जात नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. कोरा. हे खूश झाले, पेढे आणू म्हणाले. मला काकांचं वाक्य आठवलं. मी सांगितलं, पेढे आणा, पण आता बाळंत होईपर्यंत लेकीनं सांदवाडीत पाय ठेवायचा नाही आणि सांभार मी धुणार. डॉक्टरांनीही तेच सांगितलं: हात धुवा, कच्चं मांस नको, घाण दुसऱ्यानं उचलायची. मांजर काढा असं म्हणाले नाहीत. लेकीचा पदर आता थोडा खाली आलाय.

आता दोन प्रश्न राहिले. सांदवाडीतली बाहेरची जागा कशी करू? आणि बोक्याचं काय? परवा त्यानं मागच्या चौकटीवर अशी पिचकारी मारली की सासूबाईंना वाटलं रॉकेल सांडलं.

दवाखान्याची पेटी (कारंजा)

सहाव्या दिवसाची चूक तिची नाही, हे तुम्हीच ओळखलंत. दिवसातून दोनदा झारा फिरवा. घरात दोन घमेली असली तर एखादा दिवस चुकला तरी चालतं. एका मांजरीला दोन हा हिशोब सगळीकडेच सांगतात. आठवड्यातून एकदा सगळी रेती बदला आणि घमेलं उकळत्या पाण्यानं धुवा. त्या जंतूंवर ब्लीचचा भरवसा नाही, उकळतं पाणी चालतं. उचललेलं उकिरड्यावर नको, ते खत फिरून वाफ्यातच येईल. भाजीपासून लांब हातभर खोल खड्डा करून पुरत जा.

बाहेरची जागा: सांदवाडीत आंब्याखाली किंवा टिनाखाली, जिथं पाणी साचत नाही, दोन फूट लांब-रुंद आणि वीतभर खोल खड्डा करून रेती भरा. वाफे मात्र रोज संध्याकाळी ओले ठेवा. ओली माती तिला आवडत नाही हे तुम्ही पावसाळ्यात पाहिलंच आहे. वाफ्यावर बोरीच्या काट्या आडव्या टाकल्या तरी चालतं, पण भाजी खुडताना काटा तुम्हालाच लागेल.

बोक्याची पिचकारी म्हणजे संडास नव्हे. ती त्याची पाटी आहे, ग्रामपंचायतीसारखी. सरकीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर तो येत राहणार, आणि तिचा माज आला की रात्ररात्र ओरडेल, मग पिल्लं. तुम्हाला अकोला जवळ आहे, तिथं स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा दवाखाना आहे, विचारून घ्या. मांजरीचं ऑपरेशन सहा महिन्यांनंतर कधीही होतं. बोक्याचं झालं तर बहुतेकांची पिचकारी कमी होते, पण एक कान तुटलेल्याला पकडणार कोण हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. चौकट खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, वाळू द्या, पुन्हा धुवा. अमोनियावालं काही वापरू नका, त्याचा वास त्यांना लघवीसारखाच लागतो.

एक इशारा, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. पुढेमागे कोणाच्या घरी बोका असेल आणि तो वारंवार बसून कुंथतो, ओरडतो, लघवी येत नाही असं दिसलं तर "बद्धकोष्ठ झालं, एरंडेल द्या" म्हणून बसू नका. बोक्याची नळी बारीक असते, खडा अडकला तर दिवस-दोन दिवसांत तो जातो. त्याच दिवशी दवाखाना.

पऱ्हाटी (देवळी)

काका, राखेचं मले माफ करा. पण आमची मांजर कोठ्यात दहा वर्षं जगली, हे बी लिहून ठेवतो.

ताई, दाजीनं सोडली काय नाई अखेर?

सांदवाडी (ता. दर्यापूर)

सोडली नाही. ऐका.

घरकुलवाल्या शेजारणीची रेती संपली. आठवड्याला घमेलंभर लागते, सांदवाडीच्या खड्ड्याला तीन घमेली लागली, ती कुठून आणू? यांना म्हटलं. काहीच बोलले नाहीत. परवा संध्याकाळी वावरातून उशिरा आले तर मोटारसायकलच्या मागे चुंगडी बांधलेली. माझ्या पोटात धस्स झालं, वाटलं सरकीला घेऊन निघाले. चुंगडी सोडली तर आत रेती. पलीकडच्या गावात मावसभावाचं बांधकाम चालू आहे, तिथून मागून आणलेली, चाळून.

पण जेवताना बोलले ते ऐका. येताना रस्त्यावर तलाठ्याची गाडी उभी होती, रेतीचे ट्रॅक्टर धरायला. हे आपली चुंगडी बांधून त्यांच्यासमोरूनच. मी म्हटलं, थांबवलं असतं तर? म्हणाले, "तेच मी इचार करून राह्यलो होतो. मांजरीच्या संडासाले नेतो म्हटलं असतं तं त्यानं मले सोडलं असतं, का दोन जास्त कलमं लावली असती?"

अकोल्याला बुधवारी जायचं ठरलंय, सरकीला घेऊन. टोपली यांनीच विणायला घेतली आहे, तुराट्यांची.